कारण सापडेपर्यंतची सोबत

कारण कळत नसताना बरं न वाटणं हा आजारपणातला सगळ्यांत एकटं पाडणारा प्रकार आहे. तापाला आकडा असतो, मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं, ऑपरेशन झालेल्याच्या उशाशी मोसंबी आणि बिस्किटांचे पुडे जमतात. पण सकाळी उठल्यापासून अंग जड आहे, मधूनच छातीत धडधडतं, अन्नावर वासना नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि हे कशानं होतंय ते सांगता येत नाही, अशा माणसाला भेटायला कुणी येत नाही. तो आजारी आहे हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊकच नसतं. पुष्कळदा त्याची त्यालाही खात्री नसते. आपण उगाच बाऊ करतोय की काय, ही शंका मूळच्या दुखण्यावर आणखी एक ओझं होऊन बसते.

सांगलीला लागून असलेलं माधवनगर हे अशा दुखण्याकडे पाहायला बरं ठिकाण आहे. मिरज-पुणे लोहमार्गावरचं लहानसं स्टेशन, वारांच्या नावांच्या पेठा, सांगलीच्या बाजारपेठेत नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं. शहराला चिकटलेलं, तरी कारभार ग्रामपंचायतीचा. अशा वस्तीत कुणी एकटं राहूच शकत नाही, असं बाहेरच्याला वाटतं. दुधाच्या रांगेत, रिक्षात, किराणा दुकानात दिवसातून दहा जण विचारतात, "काय, बरं हाय न्हवं?" उत्तर ठरलेलं असतं, "हाय की." हा प्रश्न चौकशीचा नसून रामरामाचा असतो आणि त्याला खरं उत्तर देणं म्हणजे समोरच्याला रस्त्यात अडवून धरणं. त्यामुळे ज्याला महिनाभर "बरं वाटंना झालंय" तोही "हाय की" म्हणूनच पुढं जातो.

एखाद्यानं धीर करून सांगितलंच, तर पुढचा प्रश्न तयार असतो, "काय झालंय?" प्रश्न मायेचा असला तरी तो कारण मागतो. कारण नसलं की विचारणाऱ्यालाही पुढं काय बोलावं ते सुचत नाही आणि सांगणारा "काय न्हाय, असंच" म्हणून विषय मिटवतो. सोबत मिळवायची तर आधी कारण दाखवायचं, असा हा अलिखित दंडक आहे. दुखण्याच्या या प्रकारात तो उफराटा ठरतो, कारण इथं कारण बहुधा सोबत मिळाल्यावरच सापडू लागतं.

कारण नसतंच असं क्वचित होतं. ते नजरेआड गेलेलं असतं, इतकंच. मन आणि शरीर यांचं घड्याळ एकच वेळ दाखवत नाही. धावपळीच्या काळात माणूस ताठ उभा असतो आणि सगळं निस्तरल्यावर, महिन्यांनी, कोसळतो. सांगलीकरांना हे सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या दिवसांत माणसं सामान माळ्यावर चढवण्यात, म्हातारी माणसं बाहेर काढण्यात, नंतर गाळ उपसण्यात गुंतली होती. रडायला सवड नव्हती. पण कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि आयर्विनला पाणी किती फुटांवर आलं याचे मेसेज पुढच्या पावसाळ्यांत मोबाईलवर येऊ लागले, की पुरात होतं नव्हतं ते गेलेल्या माणसाची झोप उडावी, पोटात गोळा यावा, यात नवल नाही. त्याला विचारलं तर तो म्हणेल, पित्त झालंय. तो खोटं बोलत नसतो; पोटात खरोखरच जळजळतं. फक्त त्या जळजळीचा आणि दाराशी आलेल्या पाण्याचा धागा त्याला स्वतःला दिसत नाही.

असेच न दिसणारे धागे दुसरीकडेही असतात. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालायचा, त्यांच्या अंगातून गिरणी बंद पडल्यावरही भोंगा जात नाही. निवृत्त झालेल्या शिक्षकाला सकाळी अकराच्या सुमारास अस्वस्थ वाटू लागतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला याचा आनंद सगळ्या गल्लीला पेढे वाटून झालेला असतो, त्यामुळे आईला घर खायला उठतं हे तिला बोलून दाखवता येत नाही. आनंदाच्या प्रसंगातून आलेलं दुःख सगळ्यांत अडचणीचं, कारण त्याबद्दल तक्रार करणं म्हणजे दैवाला नावं ठेवण्यासारखं वाटतं. बाळंतपणानंतरच्या उदासीचंही तेच आहे. पाळणा हललेला, बारसं झालेलं, आणि बाळंतिणीच्या डोळ्याला धार लागलेली. "अशा वेळी रडू नये, बाळाला बाधतं," एवढंच तिला ऐकवलं जातं.

तरीही कारण न कळणाऱ्या दुखण्याला मनाचं दुखणं म्हणायची घाई करू नये. आधी शरीर तपासलं पाहिजे, आणि नीट तपासलं पाहिजे. थकवा, धडधड, चिडचिड, हातापायांना मुंग्या ही सगळी लक्षणं रक्त कमी असल्यानं, थायरॉईडच्या बिघाडानं, बी-१२ च्या कमतरतेनं किंवा साखर वरखाली झाल्यानंही होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींतल्या एकीला "गळून गेल्यागत" वाटण्याचं साधं, रक्तातलं कारण असू शकतं. तिला समुपदेशन देण्याआधी लोहाच्या गोळ्या दिलेल्या बऱ्या.

याचा सगळ्यांत कडक धडा गडचिरोलीतून आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. वर्षानुवर्षं "बायकांचं दुखायचंच" म्हणून जे बाजूला सारलं गेलं, ते नुसतं मनात नव्हतं.

या बाबतीत माधवनगरची माणसं सुदैवी आहेत, कारण मिरज हाकेच्या अंतरावर आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येऊ लागले. दवाखान्यांच्या या गावात एक वस्तू सारखी दिसते, ती म्हणजे रिपोर्टांची पिशवी. कापडाच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी, तिचे बंद ताणून पांढरे पडलेले. आत ईसीजीची गुंडाळी, सोनोग्राफीचे काळे कागद, तीन वेगवेगळ्या लॅबच्या रक्ताच्या तपासण्या, एक्सरेचं मोठं पाकीट दुमडून कोंबलेलं, आणि सगळ्यांत वर सध्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी. पेशंट खुर्चीवर बसायच्या आधी पिशवी टेबलावर ठेवतो. डॉक्टर एकेक कागद चाळतात आणि म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे. काळजीचं काही नाही."

या वाक्यानं बरोबर आलेल्या नवऱ्याचा किंवा मुलाचा जीव भांड्यात पडतो. पेशंटचा पडत नाही. दुखतंय तर आहेच, आणि आता त्यावर "काही नाही"चा शिक्काही बसला. काही जण दुसरा डॉक्टर गाठतात, पिशवी फुगत जाते. घरच्यांची भाषा हळूहळू बदलते, "दुखतंय का?" ऐवजी "परत दुखतंय का?" असं विचारलं जाऊ लागतं. तपासण्या करूनही कारण सापडत नाही अशी दुखणी साध्या दवाखान्यांत रोजची आहेत आणि त्यांत सोंग घेणारे फार थोडे असतात. भीती किंवा ताण टिकून राहिला की शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीत राहतं. श्वास उथळ आणि जलद होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मान-खांद्याचे स्नायू आखडून डोकं धरतं. जठरात आम्ल वाढतं. झोप तुटक होते, आणि तुटक झोपेनं दुसऱ्या दिवशी हे सगळं आणखी वाढतं. यातलं काहीच रिपोर्टात उमटत नाही आणि यातलं काहीच खोटं नाही.

गडचिरोलीच्या धड्याला पूरक असा दुसरा धडा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. ही तक्रार जंतुसंसर्गाशी जितकी जोडलेली होती, त्याहून अधिक ती मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या हालअपेष्टांशी जोडलेली दिसली. नवऱ्याची मारहाण दवाखान्यात सांगता येत नाही; पांढरं जाणं सांगता येतं. गडचिरोली आणि गोवा एकमेकांना खोडत नाहीत. शरीर तपासल्याशिवाय मनावर ढकलू नका, आणि शरीर तपासून झालं म्हणून उठून जाऊ नका, असं दोन्ही मिळून सांगतात. आपल्याकडे पहिला अर्धा भाग कसाबसा पाळला जातो. दुसऱ्यासाठी ओपीडीत वेळ नसतो.

ओपीडी जे देत नाही ते समाजानं फार पूर्वीपासून आडवाटेनं मिळवलेलं आहे. उघडपणे "माझ्याजवळ बस" म्हणता येत नाही, म्हणून निमित्तं निर्माण झाली. त्यांतलं सगळ्यांत जुनं निमित्त जात्याचं. पहाटे दोघी जात्याला बसायच्या, हात कामात आणि तोंडानं ओवी. सासर, माहेर, भाऊ, वांझपण, गेलेलं मूल, सगळं त्या ओवीत येऊन जायचं. गाणं असल्यामुळे ते तक्रार ठरत नव्हतं आणि जोडीची बाई ऐकतेय याची खात्री तिच्या हातातल्या खुंट्यावरच्या जोरातून होत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. मात्र त्या कष्टांबरोबर रोजची तासभराची हक्काची सोबतही गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही.

दुसरं निमित्त देवाचं. सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जाणं ही कुणालाही न खटकणारी गोष्ट आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पायऱ्यांवर दोन तास बसून आलेल्या बाईला कुणी "कशाला गेलीस?" असं विचारत नाही. जिवाला शांत वाटावं म्हणून गेले, एवढं उत्तर पुरतं. तशीच मिरजेच्या दर्ग्याची जुम्मेरात. फलटणच्या महानुभाव मंदिराचा अभ्यास व्हीडा स्कल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केला आणि तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक विलक्षण गोष्ट नोंदलेली आहे. घरातल्या आजारी माणसाला मंदिरात आणलं की त्याच्यासोबत आलेल्या आईच्या किंवा बायकोच्याच अंगात यायचं. त्याचं दुखणं आपल्यावर यावं, अशी तिची मागणी असायची. सोबतीचं हे टोक म्हणावं लागेल. यातून आजाऱ्याला किती उतार पडला असेल ते असो, पण घरातल्या एकाच्या दुखण्याचा भार बहुतेक वेळा बाईनं उचलायचा, ही आपली वाटणी त्या मंदिरात लख्ख दिसते. तिच्या स्वतःच्या दुखण्याला कुणी घुमायचं, हा प्रश्न तिथं विचारला जात नाही.

देवऋषाचं दार मात्र या यादीत बसवताना जपावं लागतं. अंगारा लावणारी, डोक्यावरून हात फिरवून "जाईल बघ बाळा" म्हणणारी गल्लीतली म्हातारी निरुपद्रवीच नव्हे तर पुष्कळदा उपकारक असते, कारण ती स्पर्श आणि वेळ देते. देवऋषी त्यापुढं जाऊन कारणही देतो. डॉक्टरला न सापडलेलं कारण त्याला पाच मिनिटांत सापडतं, हेच त्याच्या धंद्याचं बळ. आणि ते कारण बहुतेक वेळा जिवंत माणूस असतं: शेजारची विधवा, जाऊ, भावकीतली म्हातारी. एकाचं निनावी दुखणं उतरवताना दुसरीच्या कपाळावर करणीचा डाग बसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर ज्याच्याशी झगडा केला, त्यातला मोठा भाग हा होता. साताऱ्याचे दाभोलकर शिकले सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. पण कायदा देवऋषाला अडवू शकतो, त्याच्या दाराशी आलेल्या माणसाला दुसरं दार दाखवणं त्याच्या आवाक्यात नाही. हे ओळखूनच साताऱ्याच्या 'परिवर्तन' संस्थेनं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी 'मानसमित्र' तयार करायला घेतले. साध्या माणसांना मानसिक आजारांची तोंडओळख करून द्यायची आणि आपल्या ओळखीपाळखीत त्यांनी ऐकायचं, धीर द्यायचा, गरज असेल तर डॉक्टरपर्यंत पोचवायचं, असं ते काम आहे.

तिसरं निमित्त छापील आहे आणि ते याच लोहमार्गावरचं आहे. माधवनगरहून गाडी पुण्याकडे निघाली की काही स्टेशनांनंतर किर्लोस्करवाडी लागते. तिथून १९३० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. नांगरांच्या कारखान्याशेजारी निघणाऱ्या या मासिकानं घराबाहेर न पडणाऱ्या बायकांना अनोळखी माणसांपुढं मन मोकळं करायची सवय लावली. मुंबईत र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये, १९२७ ते १९५३ या काळात, वाचक कुणालाही विचारता न येणारे प्रश्न विचारत. ओळखीच्याला जे सांगता येत नाही ते अनोळख्याला सांगता येतं; त्याच्या घरी आपली सोयरीक नसते. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या नारी समता मंचातर्फे पुढं जे केंद्र चालवलं, त्याचं नावच 'बोलते व्हा' असं होतं. मासिकातल्या पत्राला आता समोर बसून ऐकणारी बाई मिळाली.

नुसत्या ऐकण्यानं काय होतं, अशी शंका व्यवहारी माणसाला येते. तिला उत्तर देणारा एक जुना किस्सा लंडनचा आहे. चॅड व्हारा नावाच्या पाद्र्यानं १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी चर्चमध्ये मदतीची सोय केली. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा वाट पाहणाऱ्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही साधे स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत असं दिसलं, की पुष्कळ जण त्या चहावाल्यांशीच बोलून, पाद्र्याला न भेटता, समाधानानं परत जातायत. व्हारानं शहाणपणानं ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं आणि त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली.

किस्स्यापेक्षा मोजमाप हवं असेल तर पुन्हा गोव्याला जावं लागतं. तिथल्या 'संगत' संस्थेनं २४ दवाखान्यांत, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी, एक प्रयोग केला. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'नं छापले. उदासी आणि चिंतेच्या पेशंटसाठी दवाखान्यात समुपदेशक म्हणून स्थानिक स्त्रिया नेमल्या होत्या. त्या डॉक्टर, नर्स कुणीच नव्हत्या, त्यांना सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. दुखण्याचा उलगडा करून सांगणं, श्वास सावकाश घ्यायला शिकवणं, घरच्या अडचणी ऐकणं, पुढच्या तारखेला आठवण करणं, हे त्यांचं काम. सरकारी केंद्रांत अशी सोय असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांत शंभरातले ६६ च्या आसपास पेशंट बरे झाले, नसलेल्या ठिकाणी ४३ च्या आसपास. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक पडला नाही. फॅमिली डॉक्टर आधीपासूनच पेशंटला नावानं ओळखतो, चार गोष्टी विचारतो, म्हणून असं झालं असावं. हा अंदाज बरोबर असेल तर गल्लीतल्या जुन्या डॉक्टरचं "काय म्हणतायत मुलं?" हे विचारणं औषधातच मोडतं.

सांगली शहरातल्या 'संग्राम' संस्थेचा अनुभव आणखी एक बाजू दाखवतो. १९९२ पासून या संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीविषयी काम केलं, ते त्याच स्त्रियांच्या हातून. जिनं स्वतः भोगलंय तिला समोरचीची अर्धी गोष्ट न सांगताच कळते. पांढरपेशा घरांनी सल्ल्यासाठी कुणाचं तोंड पाहावं याची जी उतरंड लावलेली आहे, ती अशा वेळी उपयोगाची नसते.

मग सोबत मागावी कशी? पहिली अडचण शब्दांची असते आणि ती मोठी करण्याचं कारण नाही. "मला काय होतंय ते मलाच कळंना. उपाय नको सांगूस, नुसतं ऐक," एवढं पुरतं. उपाय नको हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ऐकणारा आवळ्याच्या रसापासून वास्तुशांतीपर्यंत जातो. दुसरी अडचण वेळेची. सासुरवाशिणीचा आईला फोन बहुधा स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्ट्यांच्या आडोशानं होतो; तीन शिट्ट्यांत गॅस बंद करायचा आणि फोनही. त्यात "जेवलीस का?" आणि "बाळ काय करतंय?" एवढंच मावतं. आईला आवाजातला फरक कळतो, ती "आवाज का असा येतोय गं तुझा?" असं विचारते, आणि "सर्दी झालीय" हे उत्तर मिळतं. ज्यांना खरंच बोलायचं आहे त्यांनी बाजाराला, बँकेत, मुलाच्या क्लासला जाण्याचं निमित्त काढून चालता चालता बोलावं. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, हा त्याचा फायदा.

पुरुषांची कथा निराळी. त्यांच्याकडे गप्पांच्या जागा भरपूर, टपरी, कट्टा, तालमीची पायरी, पण तिथले विषय ठरलेले. ऊसदर, हळदीचा भाव, निवडणूक यांवर रात्री अकरापर्यंत बोलणारा माणूस "मला भीती वाटते" हे तीन शब्द दारूशिवाय उच्चारू शकत नाही. प्यायल्यावर उच्चारतो, मित्र पाठीवर थाप मारतात, आणि सकाळी दोन्ही बाजूंनी ते विसरल्याचं नाटक होतं. म्हणून दारू हीच सोबत आहे असा त्याचा समज होत जातो. त्या थाप मारणाऱ्या मित्रांपैकी एखाद्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी, कोऱ्या चहावर, "काल काय म्हणत होतास?" असं विचारलं तर पुष्कळ काही बदलू शकतं.

ऐकणाऱ्याच्या वाट्याला आलेलं काम सोपं नाही. "विचार करू नकोस" हे आपल्याकडचं सगळ्यांत लाडकं आणि सगळ्यांत निरुपयोगी औषध आहे. विचार थांबवणं त्याच्या हातात असतं तर तो सांगायला आलाच नसता. "तुला काय कमी आहे?" या प्रश्नानं तर माणूस कायमचा गप्प होतो. मनाला समजवावं, हा सल्ला थोर परंपरेतला. सज्जनगडावरच्या समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. पण तेही आपल्याकडे घोळक्यानं म्हणायची पद्धत आहे, हे सल्ला देणारे विसरतात. ऐकणाऱ्यानं करावं ते एवढंच: गडबड न करता बसावं, "कधीपासून?" आणि "रात्री झोप लागते का?" असं विचारावं, आणि उठताना पुन्हा कधी येणार ते सांगावं. पुढच्या भेटीचा वार ठरलेला असला की मधले दिवस काढता येतात. कारण शोधायच्या मागं लागू नये. दोन-तीन भेटींत ते बोलता बोलता आपसूक बाहेर पडतं, कधी कधी सांगणाऱ्यालाच चकित करत. नाही पडलं तरी बिघडत नाही.

सोबतीनं सगळं भागत नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास आहे, कशात रस नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, कामं होईनाशी झाली आहेत, तर डॉक्टर हवा. आपल्यामुळे इतरांना त्रास होतोय, आपण नसलो तर बरं, असं बोलणं आलं तर त्याच दिवशी हवा, आणि त्या माणसाला तोवर एकटं सोडू नये. "मरणाचा विचार येतो का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे, विचारल्यानं बहुधा सुटका वाटते. गावात येणारी आशा सेविका तीस वर्षांपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरते, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या माहितीबरोबर आता मनाविषयीचे दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतं का. ते उंबऱ्यावर, सासूच्या देखत, "नाही नाही" म्हणून उरकले जातात. ते एकटीला बाजूला घेऊन विचारायला हवेत.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत शंभरातल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असं दिसलं. पाहणी झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला आधार नाही. या भागात मानसोपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रत्नागिरीचं मनोरुग्णालय येतं, आणि त्या नावाच्या धास्तीनं साध्या उदासीचा माणूसही दाराआड राहतो. वास्तविक अशा बहुतेकांना कुठं भरती व्हावं लागत नाही. सांगलीच्या किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून भागतं. तिथवर जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला आजाराचं नाव ठाऊक असावं लागत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं मानून त्याला शिक्षा करू नये, असं तो सांगतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळण्याचं कारण उरलेलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या तर एक गोष्ट घरच्यांना आधीच माहीत असावी. उदासीवरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात; मळमळ, सुस्ती, कोरडं तोंड हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. म्हणजे सुरुवातीला औषध घेऊन माणसाला आधीपेक्षा वाईटच वाटू शकतं, आणि याच काळात "काही उपयोग नाही" म्हणून पुष्कळ जण गोळ्या बंद करतात. या पंधरा-वीस दिवसांत रोज कुणीतरी गोळी घेतली का ते विचारावं, संध्याकाळी दोन चौक चालायला बरोबर न्यावं आणि पुढच्या तारखेला ओपीडीत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसावं. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवायच्या नसतात. त्या बहुधा काही महिने घ्याव्या लागतात आणि मग हळूहळू कमी केल्या जातात.